उंबराच्या पायांवर अंजीर

अंजीर हे फळ ओलं असतं, झाडाला लागतं आणि हाताने उकलून खायचं असतं, हे मला बारावीत नापास होईपर्यंत ठाऊक नव्हतं. नापास मी इंग्रजीत झाले, त्यात अंजिराचा काही दोष नाही. पण त्या वर्षी मी घरी बसून होते म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, एवढ्यासाठी ही नाचक्की आधीच सांगून टाकते. आमच्याकडे अंजीर म्हणजे गोंदियाच्या किराणा दुकानातल्या बरणीतल्या, सुतळीत ओवलेल्या चपट्या चकत्या. त्या बाळंतिणीसाठी यायच्या, नाहीतर पोट साफ होत नाही म्हणून सकाळभर कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. अंजीर कुणी आवडीने खातं, त्याची आठवण कुणी काढत बसतं, हे पहिल्यांदा आमच्या वहिनीने दाखवलं.

वहिनी सासवडकडची. माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, त्या भागात कालव्याच्या कामावर पोकलेन चालवायला गेला होता. पगार घेऊन ये म्हटलं तर सोयरीक घेऊन आला, असं बाबा म्हणायचे. तिचं नाव मंगल. तिच्या वडिलांची अंजिराची बाग होती आणि लहानपण सगळं त्या बागेतल्या मातीत गेलेलं. आमचं गाव सौंदडच्या पुढे, घराच्या तीन बाजूंना धानाच्या बांध्या आणि चौथ्या बाजूला रस्ता. पावसाळ्यात तोही बांधीच व्हायचा. पहाटे रेल्वेची शिट्टी, दिवसभर राईस मिलची धडधड, संध्याकाळी बेडकं. खायला दोन्ही वेळा भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, कधी तळ्यातले मासे. भात खाऊन तिला जेवल्यासारखंच वाटायचं नाही. पहिल्या आठवड्यात तिने कुठूनसं पीठ मिळवून भाकऱ्या थापल्या. बाबांनी ती भाकर औषधासारखी, तोंड वाकडं न करता संपवली आणि मग हळूच माईला, म्हणजे आमच्या आईला, विचारलं, भात हाये ना? आमच्याकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, ते ऐकून ती पदर तोंडाला लावून हसायची. मला ती ‘वन्सं’ म्हणायची. त्याआधी मला कुणीच इतक्या मानाने हाक मारली नव्हती. घरात मी ‘बेबे’ होते आणि निकालानंतर तर नुसतीच ‘ए’. त्यामुळे वहिनीने ‘वन्सं, पाणी आणता का?’ म्हटलं की मी दोन हंडे आणायचे.

नवरदेवाच्या दारातही आमच्याकडे मांडव पडतो आणि त्या मांडवात उंबराची ओली फांदी रोवावी लागते. लग्न झालं की मांडव सोडतात, ती फांदी तळ्यात सोडतात आणि मोकळे होतात. दादाच्या लग्नातली फांदी मात्र अंगणातच राहिली. आज सोडू, उद्या सोडू म्हणता म्हणता धान लावायचा रोवणा आला, सगळे चिखलात गेले, आणि कधीतरी माईच्या लक्षात आलं की मनगटाएवढ्या त्या खुंटाला पानं फुटली आहेत. मांडवातला उंबर जगला म्हणून गावभर कौतुक झालं. म्हाताऱ्या बायका येऊन त्याला हात लावून गेल्या. दादा त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालायचा आणि माईच्या शिव्या खायचा. तो उंबर माणसाच्या उंचीचा झाला, तेव्हा दुसऱ्या पावसाळ्यात, भादव्यात, दादाला ताप आला आणि तो त्या तापात गेला. याहून जास्त मला ते दिवस लिहिता येत नाहीत. इतक्या वर्षांत दोनदा बसले लिहायला, दोन्ही वेळा उठून भांडी घासली.

तेरवीला वहिनीचे वडील आले. त्यांना सगळे आबा म्हणत. ते बाबांशी ओसरीवर बसून हळू आवाजात बोलले. पोरगी अजून लहान आहे, मूलबाळ नाही, घेऊन जातो, असं त्यांचं म्हणणं. बाबा मान हलवत राहिले. ते कशालाही मान हलवायचे. वहिनी दाराआडून म्हणाली की वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू. आबा एकटेच परत गेले. माई त्या वेळी चुलीपुढे बसून होती. ती रडली नव्हती, पुढेही रडली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या मनाने एकच धरलं की ही पोरगी जाऊ नये. दादाला झोपेत बडबडायची सवय होती, त्याला मिरची सोसत नव्हती, तो पायातली चप्पल उलटी टाकायचा, हे जिच्याशी बोलता येईल असं माईला वहिनीशिवाय दुसरं माणूसच नव्हतं. बाबांशी त्याचा विषय काढला की ते उठून गुरांकडे जायचे, आणि मी रडायला लागायचे. दुपारी त्या दोघी तांदूळ निवडत बसायच्या आणि एक सांगायची, दुसरी हुंकार द्यायची. जा म्हणायची ताकद माईत नव्हती आणि राहा म्हणायचा हक्क आपल्याला नाही, हेही तिला कळत होतं.

वहिनी पूर्वी कधीतरी, दादा असतानाच, बोलून गेली होती की दारात एक अंजिराचं झाड असतं तर इथं घरच्यासारखं वाटलं असतं. ते वाक्य माईने पकडलं. दिवाळी झाल्यावर एक दिवस तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, आपल्या इथं कोणतं अंजीर जगते, ते पाहून ये. मी शिकलेली ना घरातली. मला एकदम महत्त्व आलं. मी वही-पेन घेऊन सडक अर्जुनीला कृषी सहायकांकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की अंजिराला कोरडी हवा लागते, निचऱ्याची जमीन लागते, आपल्याकडे पाऊस फार, माती चिकण, पानांवर तांबेरा येतो आणि फळं फुटतात. तेव्हा बाई, धान लावा. हे उत्तर घेऊन घरी जायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी आणि बाबा गोंदियाच्या एका नर्सरीत गेलो. तिथला माणूस म्हणाला, “बेटी, ये टर्की का माल है, कहीं भी लगा दो.” टर्की देशात धान होतो की नाही एवढंसुद्धा मी विचारलं नाही. कुंडीतलं ते रोप मांडीवर घेऊन मी बसमधून अशी आले, जणू गुणपत्रिकाच सुधारून आणली.

माईने ते रोप न्हाणीच्या बाजूला लावलं आणि त्याच्याभोवती मातीचा धुरा घालून चांगली छोटीशी बांधी केली. मग तिच्यात पाणी भरलं, घोट्याएवढं, धानात भरतो तसं. तिने जन्मभर एकच पीक वाढवलं होतं, आणि ते पाण्यात उभं राहून वाढतं. पान पिवळं पडलं की तहान लागली असं समजून ती आणखी पाणी घालायची. घालताना त्याच्याशी बोलायची. वहिनी दारातून पाहायची. एकदा मी तिला म्हटलं, वहिनी, माईला सांगा ना, तुम्हाला तर कळतं. ती म्हणाली, “कळतंय वन्सं. पर त्या त्याच्यासंगं बोलत्यात. मधीच कसं थांबवू?” पौषात ते रोप उपटलं तर मुळं काळी, मऊ, शिळ्या भाजीसारखी. माई ते हातात धरून किती तरी वेळ उभी होती. मग म्हणाली, “मीच मारलं का व?”

वहिनीने तिच्या हातातून ते रोप काढून घेतलं. तुमचा दोष नाही, या मातीत अंजिराचे पायच कुजतात, असं तिने समजावलं. तिच्या माहेरी बाजारात जातं ते अंजीर पातळ सालीचं, नाजूक. तेही इथं टिकणार नाही. पण विहिरीच्या काठावर एक जुनं झाड होतं, सदा ओलीत उभं. फळ लहान, साल जाड, व्यापारी घेत नाही म्हणून घरातलेच खायचे. त्याच्या पानावर तांबेरा बसत नव्हता. जातीचं नाव कुणाला माहीत नाही, नुसतं ‘विहिरीवरचं’. निवडायचं तर ते. आणि तेही मातीत लावायचं नाही. उंबरावर कलम करायचं. उंबर नाल्यात उभा राहतो, त्याची मुळं कुजत नाहीत. खालचे पाय उंबराचे, वरचं अंग अंजिराचं. हे सांगताना ती अंगणाकडे पाहत नव्हती. पण आमच्या अंगणात उंबर एकच होता, आणि कलम करायचं म्हणजे तो गुडघ्याएवढा ठेवून वरून कापायचा.

त्यानंतर काही दिवस माईने तांदूळ निवडायलाही वहिनीला बोलावलं नाही. एकदा ती एकटीच उंबराशी उभी होती आणि वहिनी तिच्यामागे जाऊन थांबली, तेव्हा मी विहिरीवरून येत होते, म्हणून ऐकलं.

“त्याच्या मांडवाचा हाये तो,” माई म्हणाली.

“माझ्याबी मांडवाचा हाय, आत्या,” वहिनी म्हणाली.

माईने मागे वळून पाहिलं. मला वाटतं, ती तोवर विसरूनच गेली होती की त्या मांडवात आणखीही कुणी बसलं होतं.

माघात, निरोप गेला तसे, आबा आले. बरोबर ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या अंजिराच्या काड्या होत्या आणि बरोबर एक स्थळही होतं, म्हणजे त्याची बातमी. दुधाचा धंदा असलेला, बायको गेलेला, तिशीतला माणूस. वर्षश्राद्ध झालं की येईन, असं ते बाबांना सांगून बसले. माईने चहा दिला, काड्या घेतल्या, स्थळाबद्दल ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उंबराला हळदकुंकू लावलं आणि बाबांच्या हातात करवत दिली. बाबा करवत धरून नुसतेच उभे. “कापा जी,” माई म्हणाली, आणि खोड हलू नये म्हणून तिने वरून दोन्ही हातांनी ते धरलं. कापल्यावर वरचा भाग तिच्याच अंगावर आला. तो तिने अलगद खाली ठेवला, झोपलेल्या माणसाला ठेवावा तसा. कापातून पांढरा चीक भळाभळा यायला लागला. चीक निथळू द्यावा लागतो, नाहीतर कलम धरत नाही, असं आबा सांगत होते. माई पदराने तो टिपत होती आणि टिपून होत नव्हता. मग वहिनीने खोडाला मधोमध खाच पाडली, काडी पाचरीसारखी तासली, खाचेत बसवली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. वरून मुरमुऱ्याची प्लॅस्टिकची पिशवी घातली. तिचे हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. आमच्या घरात ती प्रत्येक काम विचारून करायची. हे तिने कुणालाच न विचारता केलं.

काडीला कोंब आला. उंबराचं पान साधं, लांबट; हे पान पसरलेल्या पंजासारखं. उंबराच्या खोडावर ते बघून माझ्यातली नापास विद्वान जागी झाली आणि मी माईला म्हटलं की बघ, वहिनीसुद्धा अशीच परक्या मुळांवर रुजली. मला वाटलं, माई गहिवरेल. ती म्हणाली, “तांदूळ निवड.” शेजारणीने तर तोंडावरच टोमणा मारला की सुनेला बांधून ठेवायला खुंटा गाडला का व. माई उत्तर न देता पाणी घालत राहिली, पण आता वहिनी सांगेल तेवढंच, एक तांब्या. आज माझ्या बाल्कनीत मुलाने मागवलेलं अंजीर आहे, त्याच्यावर छापलेलं आहे की हे कुठल्याही हवामानात येतं. मी ते वाचते आणि त्याला एक तांब्या पाणी घालते. फळ अजून तरी दिसलं नाही. मुलगा म्हणतो, आई, तू त्याच्याशी बोलत जा. मी म्हणते, बोलून झालं आहे आमच्या घराण्याचं.

श्रावणात त्या कलमाला फळं लागली. हाताच्या बोटांवर मावतील इतकीच. रोज पाऊस. पिकायच्या आधीच ती तडकली, आत पाणी गेलं, मुंग्या धरल्या. वहिनी ती गुपचूप तोडून उकिरड्यावर टाकायला निघाली होती, माईने तिला अडवलं. एक फळ घेतलं, मुंग्या झटकल्या आणि उभ्या उभ्या सगळं खाल्लं. मीही एक तोंडात घातलं होतं. आंबूस, पाणचट, ओल्या पुठ्ठ्यासारखं. ते मी न्हाणीमागे थुंकून आले.

“चांगलं हाये,” माई म्हणाली.

वहिनी हसली. दादा गेल्यावर पहिल्यांदा, पदर न लावता. “खोटं बोलू नका, आत्या.”

मग माईने विचारलं की तुझ्या गावी हे कसं लागते. पाऊस पडत होता, आम्ही तिघी ओसरीवर बसलो आणि वहिनी सांगत राहिली. उन्हाळ्यात कोरडा वारा सुटतो. पहाटे तोडायला जातात, पानांनी हाताला खाज सुटते, तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. फळ देठाशी मान टाकतं तेव्हा पिकलं समजायचं. उकललं की आतून गुलाबी, मध लागल्यासारखी बोटं चिकट होतात. आई भाकरीबरोबर द्यायची. टोपल्या भरून रस्त्याच्या कडेला बसायचं, मैत्रिणी असायच्या, एकमेकींचं गिऱ्हाईक पळवायच्या. ती इतकं सलग बोलली नव्हती कधी. बोलता बोलता तिचा रंगच पालटला. आमच्या घरात वावरणारी ही बाई कुणी दुसरीच आहे असं वाटायला लागलं. माईने एकदाही हुंकार दिला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली:

“मंग इथं कायले राहून राहिली व तू?”

त्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

“तुमच्यासाठी,” वहिनी म्हणाली. “मी गेले तर त्यांचं कुणासंगं बोलाल?”

माईने हात लांब करून तिच्या पायावर ठेवला, नुसताच. थोड्या वेळाने उठली आणि बाबांना हाक मारली. आबांना फोन करा म्हणाली. वर्षश्राद्ध झालं की पोरीला घेऊन जा, आणि त्या दूधवाल्याला आधी नीट पाहून घ्या, दारू पितो काय, हात उगारतो काय. फोन गावात एकाच्याच घरी होता. बाबा छत्री घेऊन निघाले, आणि मान न हलवता गेले, हे मला आठवतं.

गोंदियाच्या स्टेशनावर कोल्हापूरची गाडी आधीपासून लागलेली असते, त्यामुळे निरोपाला हवा तेवढा वेळ मिळतो, आणि तो कुणालाच नको असतो. आबा जागा धरून आत बसले होते. वहिनी आणि माई प्लॅटफॉर्मवर. गाडी सुटायच्या सुमाराला माईने पिशवी उघडली. आत चिन्नोरचे तांदूळ होते, नारळ, खण, हळदकुंकवाची डबी. वहिनी एकदम मागे सरली. विधवेची ओटी भरत नाहीत, हे त्या प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि दोघीतिघी बघतही होत्या. माई म्हणाली, “पदर धर. सून नाही, पोरगी धाडून राहिलो मी.” आणि ओंजळीने तांदूळ घालत गेली. थोडे खाली सांडले. ते वेचायला मी वाकले आणि बराच वेळ वाकलेलीच राहिले, त्यामुळे दोघींची तोंडं मी पाहिली नाहीत.

गाडीच्या दारातून वहिनीने शेवटचं जे सांगितलं ते झाडाबद्दल. कलमाच्या खालून उंबर फुटंल, ती म्हणाली. हिरवागार, लई जोमाचा. तो दर आठवड्याला मोडायचा, माया करायची न्हाई. त्याला वाढू दिलं तर तो अंजीर जगू देणार न्हाई.

माईने ते पाळलं. वहिनीचं लग्न झाल्याचं कळलं, तेव्हाही पाळलं. दर आठवड्याला ती कलमाशी बसायची, खालून आलेला उंबराचा कोंब अंगठ्याने मोडायची आणि बोटाला लागलेला चीक परकराला पुसायची. ते मोडायचं काम तिने मला किंवा बाबांना कधी करू दिलं नाही. अंजीर वाढलं, दर श्रावणात फळं धरून ती तडकत राहिली. सणावाराला वहिनीचा फोन आला की ती आधी झाडाची चौकशी करायची. माई ओरडून सांगायची, हाये, जोरात हाये. लांबचा फोन म्हणजे ओरडूनच बोलायचं, असा तिचा समज होता.

मग एका फोनवर कळलं की वहिनीला मुलगा झाला. माईने बाळाचं वजन विचारलं, रंग विचारला, बाळंतिणीला डिंक द्या म्हणाली. घरी आल्यावर गोड करायचं म्हणून तिने गुळाचा भात केला आणि शेजारणीलासुद्धा वाटी पाठवली.

पुढच्या खेपेला कोंब मोडायचा दिवस आला आणि गेला. त्यानंतरचाही गेला. मी तेव्हा डी.एड. करत होते, सुट्टीला आले तर कलमाच्या खाली उंबराची फांदी माझ्या कमरेएवढी वर आलेली, आणि वरच्या अंजिराची पानं कडांनी वाळायला लागलेली. बाबा विळा घेऊन आले. म्हणाले, “हे राहून गेलं वाटते. तोडू काय?”

माई दाराशी सूप घेऊन बसली होती. तिने फांदीकडे पाहिलं.

“नोको,” ती म्हणाली. “तिचं आता लागलं मार्गी. याले वाढू द्या.”